एकेचाळीस आराखडे

तोडकर बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा सरांनी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं.

माझी म्हणजे काय, तिच्यावर माझं नाव कोरलेलं नव्हतं. खिडकीजवळची वेताची खुर्ची, एका बाजूचा वेत उसवलेला. पण पंधरा-सोळा वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी तिच्यात बसत आलो होतो. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यासुद्धा केर काढणाऱ्या बाईला 'भाऊजींची खुर्ची सरकव गं जरा' असंच म्हणायच्या. त्या रविवारी मी जाऊन बघतो तर तिच्यात एक सावळ्या, काटकुळ्या बाई बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पुस्तकं. सर म्हणाले, "ये दिनकर, ते स्टूल ओढ." मी स्टूल ओढलं. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे पुढचे दोन तास मी डुगडुगत काढले.

सर म्हणजे प्राध्यापक भार्गव तेंडोलकर. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि सुट्टीत 'नीलमंडळ' लिहायचे. हल्लीच्या पोरांना नाव सांगून उपयोग नाही, पण त्या काळी सांगली-मिरजेच्या कुठल्याही वाचनालयात नीलमंडळाचा नवा भाग आला की महिनाभर तो कपाटात दिसत नसे. ताऱ्यांवरची राज्यं, यानं, लढाया, हेरगिरी. चौदा भाग झाले होते, पंधरावा आणि शेवटचा लिहायचा राहिला होता. मी दिनकर हुपरीकर, हे भाग ज्या छापखान्यात निघत तिथला मुद्रितशोधक. प्रुफं तपासता तपासता मी सरांचा चिटणीस, कारकून, काय म्हणाल ते होऊन बसलो. कुठल्या ग्रहाला किती चंद्र, कुठला सेनापती कितव्या भागात मेला, कोणाच्या डाव्या गालावर व्रण, सगळं माझ्या तोंडावर. सरांचं उलट. छापलेलं पुस्तक ते उघडूनही बघत नसत. अडलं की मला विचारायचे, आणि पाहुण्यांना सांगायचे, "माझी स्मरणशक्ती या हुपरीकराच्या घरी राहायला आहे." हे एक वाक्य कानावर पडावं म्हणून मी तापातसुद्धा सायकल मारत तिथे गेलेलो आहे.

आणि गंमत म्हणजे बाई आल्या त्या माझ्याच हाताने. त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, प्रकाशकांनी चौदाही भाग तीन जाडजूड खंडांत काढायचं ठरवलं, दिवाळीला. एकत्र काढायचे म्हटल्यावर वाचक वर्षानुवर्षं जो प्रश्न विचारत होते तो टाळणं शक्य नव्हतं. तमोयंत्राचे आराखडे चोरले कोणी?

वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शत्रूने शनिगडावर सूर्य विझवणारं एक यंत्र बांधलेलं असतं, तेच तमोयंत्र. त्याचे एकेचाळीस आराखडे. ते हाती आले तरच नीलमंडळ वाचणार. तिसऱ्या भागात शनिगडाच्या दप्तरखान्यात नकला करणारी मृण्मयी नावाची पोरगी ते आराखडे पाठ करते, रोज एक, आणि रिकाम्या हातांनी पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून चालत बाहेर पडते. मायदेशी पोचल्यावर आठवणीतून काढून देते. वाचक वेडे झाले होते तिच्यावर. आमच्या गल्लीतच दोन मुलींची नावं त्या वर्षी मृण्मयी ठेवली गेली. आणि आठव्या भागात केयूर नावाचा वैमानिक तेच आराखडे तांब्याच्या नळकांड्यात घालून आणतो, जखमी होऊन सीमेवरच्या ठाण्यात उतरतो, नळकांडं सोपवतो आणि मरतो. आता तिने सगळं डोक्यातून आणलं असेल तर हा बिचारा मेला कशासाठी? आणि याने आणलं असेल तर तिने पाठ काय केलं?

सरांना विचारलं की ते नुसते हसायचे. दोघांनी आणले, नीट वाचा, म्हणायचे. नीट वाचूनही ते कोणाला सापडत नव्हतं.

तेव्हा प्रकाशकांनी सुचवलं की पहिल्या खंडाच्या सुरुवातीला दोन-तीन पानांची संगती जोडावी, म्हणजे दोन्ही हकिकतींचा मेळ लागेल. संगती लावणाऱ्याचं नाव आतल्या पानावर सरांच्या नावाखाली छापायचं. ते नाव माझं असणार हे इतकं उघड होतं की कोणी बोललंसुद्धा नाही. मीच भक्तिभावाने वाचकांच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा सरांना नेऊन दिला, चाळा म्हणून. त्यात बार्शीच्या मंदाकिनी तोडकर यांची अकरा पत्रं निघाली. सरांनी ती सलग वाचली आणि कार्ड टाकून बाईंना बोलावून घेतलं. मला एका शब्दाने विचारलं नाही.

बाई मोजणी खात्यात होत्या. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. जुने जमिनीचे नकाशे आणि नवे नकाशे एकमेकांवर ठेवून कुठे जुळत नाही ते शोधायचं, हे त्यांचं काम. सांगलीत त्यांची मावसबहीण होती, तिच्याकडे मुक्काम टाकून त्या एक रविवार सोडून एक यायला लागल्या. हळू आवाजात बोलायच्या, चहा बशीत ओतून प्यायच्या, आणि सरांनी काही विचारलं की उत्तराआधी क्षणभर छताकडे बघायच्या. मला त्यांचं काहीच आवडत नव्हतं. ती कापडी पिशवीसुद्धा माझ्या डोक्यात जायची.

एकदा सरांनी सहज विचारलं, ताम्रग्रहाला चंद्र किती? मी म्हणालो तीन. बाईंनी छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता तीन. पण हा प्रसंग चौथ्या भागातला आहे ना? तेव्हा चार होते. एक सहाव्या भागात फुटला." सरांनी मांडीवर थाप मारली. "बघ दिनकर," म्हणाले, "आता तुला तोड भेटली." वहिनींनी खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या, त्यांनी ताटली आधी बाईंच्या पुढे केली. मी घरी आलो तो पायरीवरच चपला भिरकावल्या. बायको म्हणाली, "काय, सवत आली वाटतं तुम्हाला?" मी तिच्यावर उगीचच खेकसलो. ती तोंडाला पदर लावून हसत आत गेली, कारण तिला नेमकं कळलं होतं.

हो, जळत होतो मी. आता लपवून काय करायचंय? बावीस वर्षं झाली या गोष्टीला. सर काही माझे नातलग नव्हते आणि त्या घरावर माझा हक्कही नव्हता. पण छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन तास कोणीतरी विचारायचं, तुझ्याशिवाय माझं अडतं म्हणायचं. तेवढंच माझ्याकडे होतं, आणि तेच बाई बशीत ओतून पिऊन टाकत होत्या असं मला वाटायचं.

त्यातून एक वचन होतं. पंधराव्या भागाचा शेवट सरांनी मनाशी केव्हाच पक्का केला होता. वहिनींनाही ठाऊक नव्हता. मला ते म्हणाले होते, "दिनकर, लिहायला बसेन त्याच्या आदल्या दिवशी तुला सांगेन. पहिला तुला." मी कधी आठवण केली नाही, पण दर रविवारी निघताना वाटायचं, आज सांगतील.

ऑगस्टातल्या एका रविवारी मी जरा उशिरा पोचलो. सायकल पंक्चर झाली होती. ओसरीत चपला काढत होतो, तर आतून सरांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा खालचा. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. गोष्ट सांगण्याचा सूर. मी आत पाऊल टाकलं आणि सर थांबले. बाईंचे डोळे भरलेले होते. सर म्हणाले, "काही नाही रे. बाईंनी विचारलं, त्यांना शेवट सांगत होतो. तुलाही सांगतो, सावकाश."

मी बरं म्हणालो आणि स्टुलावर बसलो. त्या 'सावकाश'ने माझ्या काळजाचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी काय बोलणं झालं त्यातलं एक अक्षर आठवत नाही, आणि मला कधी असं होत नाही.

पुढच्या खेपेला, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, बाईंनी पिशवीतून एक आखीव कागद काढून टेबलावर पसरला. त्यांना मेळ सापडला होता. मोजणीच्या कामासारखंच त्यांनी ते केलं होतं. तिसऱ्या भागात मृण्मयी शनिगडावर किती दिवस असते ते पानापानावरून मोजलं, तर वीस. रोज एक आराखडा पाठ करायचा, म्हणजे वीस आराखडे. आठव्या भागात ठाण्यावरचा अधिकारी केयूरचं नळकांडं उघडतो तेव्हा आत किती कागद निघतात ते दिलेलं आहे. एकवीस. वीस आणि एकवीस, एकेचाळीस.

"दोघांनी अर्धे अर्धे आणले," बाई म्हणाल्या. "एवढं जमतंय की हे चुकून झालेलं नाही. पण तिने उरलेले त्याच्याकडे दिले कसे, ते कुठेच नाही. आमच्या खात्यात दोन नकाशे असे जवळजवळ जुळले आणि मध्ये पट्टा उरला, की आम्ही समजतो, मधला एक कागद हरवलाय. तिसऱ्या भागात शेवटी शेवटी काहीतरी होतं, सर. ते गेलंय."

सरांचा चेहरा असा उजळला, जसा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "गेलंय कसं? आहे ना," ते म्हणाले. "ती नळकांडं रेशनच्या पिंपात ठेवते. पिठात खुपसून. वैमानिक कोण ते तिला माहीत नसतं, ती विचारत नाही, म्हणजे पकडली गेली तरी सांगता येऊ नये. मी लिहिलंय ते. दिनकर, काढ बरं पान."

आता मला सांगायलाच हवं.

तिसरा भाग निघाला सदुसष्ट साली. तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवायचे. सोळा पानांचा एक फर्मा, पुस्तक आठ फर्म्यांचं, म्हणजे एकशे अठ्ठावीस पानं. सरांचा मजकूर बावीस ओळींनी वाढला. बावीस ओळींसाठी नवा फर्मा चढवायचा नाही, बसवून टाका, असा मालकांचा हुकूम होता, आणि बसवणं हे मुद्रितशोधकाचं काम. इकडची ओळ, तिकडचं विशेषण असं छाटून जमवायचं. एरवी आम्ही लेखकाला दाखवून घ्यायचो. पण सर बहिणीच्या आजारपणासाठी गोव्याला गेले होते, दिवाळी तोंडावर होती, आणि मी नवा होतो. शेवटून तिसऱ्या पानावर मला सलग बावीस ओळींचा एक प्रसंग दिसला. पिंप, पीठ, नळकांडं. वाटलं, हा काढला तर गोष्ट अडत नाही, पोरगी सुटतेच आहे. मी त्यावर काट मारली. खिळे सोडवून परत आपापल्या खणात गेले, आणि हस्तलिखिताचे कागद आमच्या रिवाजाप्रमाणे यंत्र पुसायला गेले.

सर परत आल्यावर सांगणार होतो. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही, आणि माझं सांगणं आज-उद्यावर राहिलं. सात वर्षांनी आठव्या भागाची प्रुफं हातात आली, त्यात केयूर आणि त्याचं नळकांडं निघालं, तेव्हा मला कळलं मी काय कापलं होतं ते. तोवर मी त्यांची स्मरणशक्ती झालो होतो. कसं सांगणार? गप्प बसलो. वाचकांची पत्रं येत राहिली आणि मी ती गठ्ठ्यात बांधत राहिलो.

आणि आता टेबलाच्या त्या बाजूला बाई कागद पसरून बसल्या होत्या, सर माझ्याकडे हात पुढे करून पान मागत होते, आणि मला एकच दिसत होतं. मी खरं बोललो तर आतल्या पानावर बाईंचं नाव आणि माझ्या कपाळावर चोराचा शिक्का. ही खुर्ची कायमची त्यांची.

मी तिसरा भाग उघडून सरांपुढे ठेवला. "असं काही नाही सर यात," म्हणालो.

सरांनी शेवटची पाच पानं वाचली. परत वाचली. "छापताना राहिलं असेल."

"हस्तलिखितावरून प्रुफं मीच तपासली. तीनदा वाचली होती. नव्हतं."

"पण एकवीस कागद..." बाई म्हणाल्या.

तिथे माझं डोकं इतकं चपळ चाललं की आजही लाज वाटते. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "ती चूक माझी आहे, बाई. सरांनी एकेचाळीस लिहिलं होतं. छापताना एकवीस झालं आणि माझ्या नजरेतून सुटलं. इतकी वर्षं सांगायचं धाडस झालं नाही." सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या तेवढ्यासाठी मन खात बसलास होय रे, असं काहीतरी म्हणाले. न केलेली चूक कबूल करून मी केलेली चूक झाकली, आणि वर प्रामाणिक ठरलो.

पण सरांचा तो हात खांद्यावरून हळूहळू निसटला. "दिनकर," ते म्हणाले, "मग मला ते पीठ कसं दिसतंय? बाजरीचं आहे. तिच्या कोपरापर्यंत लागलंय. मी लिहिलं होतं ते."

इथे एक गोष्ट मला ठाऊक होती, जी बाईंना नव्हती. सरांचे थोरले भाऊ शेवटी भ्रमिष्ट होऊन गेले. त्यांना पोचवून कृष्णेच्या घाटावरून आम्ही दोघं चालत परत येत होतो, तेव्हा सर मला म्हणाले होते की दादा विसरायला लागला त्याची मला भीती वाटली नाही. तो कधीच न घडलेलं आठवायला लागला, त्याची वाटली. तसं माझं झालं तर मला तोंडावर सांग, दिनकर, तेवढं कर. मी होकार दिला होता.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही ते मनात योजलं असेल. लिहिलं नव्हतं."

वहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. सरांनी पुस्तक मिटलं, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दादासारखं."

मग संगती मी सांगितली, आणि ती कोणी नाकारली नाही. आराखडे दोनदा चोरले गेले. मृण्मयीने पाठ केलेल्या आराखड्यांत चुका निघाल्या, ते निरुपयोगी ठरले, म्हणून केयूरला पुन्हा आणावे लागले. सगळं जुळत होतं. फक्त वाचकांनी जिच्यावरून पोरींची नावं ठेवली ती मृण्मयी यात फुकट गेली. बाई तेवढंच म्हणाल्या, "तिला काहीच नीट आठवलं नव्हतं, असं करायचं?" सर म्हणाले, "होतं तसं, बाई. माणसाला वाटतं, आपल्याला आठवतंय."

बाईंना बसस्टँडवर सोडायला सरांनी मलाच पाठवलं. बार्शीची गाडी लागली, त्यांनी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली, आणि खाली उतरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बाकीच्या तेराही भागांत शेवटच्या पानावर 'समाप्त' आहे, खाली चांदणीचं चित्र आहे. तिसऱ्यात नाही. तिसऱ्याचं शेवटचं पान तळापर्यंत ठासून भरलंय. मी म्हणालो, असेल.

"किती ओळी होत्या हो?" त्यांनी विचारलं.

मी सायकलचं हँडल सरळ केलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या विनवणी केल्यासारख्या बोलायला लागल्या. "पुस्तकावर नाव तुमचंच येऊ दे, हुपरीकर. मला नाव नकोच होतं. मी परत येणारसुद्धा नाही. पण सरांना सांगा. मी सांगितलं तर ते तुमच्याकडे बघतील, आणि तुम्ही नाही म्हणाल. तुम्हीच सांगायला हवं."

गाडी सुटली. मी सायकलवर टांग टाकली आणि घरी आलो. त्या पुढे खरंच आल्या नाहीत.

दिवाळीला खंड निघाले. आतल्या पानावर सरांच्या नावाखाली 'संगती : दिनकर हुपरीकर' असं छापलं होतं. ते प्रुफ मी दुसऱ्या कोणाला तपासू दिलं नाही. खंड नेऊन सरांच्या हातात दिले आणि आयुष्यात पहिल्यांदा सर छापलेलं पुस्तक वाचायला बसले. पहिल्या पानापासून, पेन्सिल घेऊन. पुढे रविवारपर्यंत थांबवेनासं झालं त्यांना. छापखाना सुटला की रोज मी तिकडे जायचो आणि ते खूण केलेली पानं काढून विचारायचे. हे मी लिहिलंय का? हा सेनापती असाच होता का? मी हो म्हटलं की खूण खोडायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोकं ठणठणीत आहे, काळजीचं कारण नाही. सर डॉक्टरांसमोर मान डोलवायचे आणि घरी येऊन मला विचारायचे. वहिनींचं, डॉक्टरांचं, स्वतःचं, कोणाचंच त्यांना खरं वाटेना. फक्त माझं वाटायचं. खुर्ची परत माझी झाली होती आणि आता तिच्याकडे बघणारंही कोणी नव्हतं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पहिले काही दिवस मी खूश होतो, हेही सांगून टाकतो.

जानेवारीत एके दिवशी गेलो तर टेबलावर कोरे कागद काढलेले. सरांनी पेनात शाई भरली होती. मला बघून म्हणाले, बस. पंधरावा सुरू करतो आहे.

मी बसलो. किती महिन्यांनी त्या घरात कागदाचा वास येत होता.

"शेवट माझ्या मनात आहे," सर म्हणाले. "पण तो मी वीस वर्षांपूर्वी ठरवला तोच आहे, की काल रात्री सुचलाय आणि मला जुना वाटतोय, ते मला कळत नाही. एवढी खात्री झाली की लिहितो. मी तो कोणाला तरी सांगितला होता. सांगितल्याचं मला आठवतंय. तुलाच ना, दिनकर?"

त्यांचे डोळे माझ्यावर लागले होते. बाईंना सांगितला होता, एवढे तीन शब्द. पण ते तोंडातून निघेनात. पहिला तुला, असं ते मला म्हणाले होते, आणि आता ते स्वतःहून म्हणत होते की मलाच सांगितला.

"हो सर," मी म्हणालो. "मलाच."

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं. "मग सांग," ते म्हणाले. "तू सांग, मी मनातल्याशी ताडून बघतो."

मला शेवट ठाऊक नव्हता. चौदा भागांतलं एकूण एक गाव, यान, मेलेला माणूस माझ्या तोंडावर होता, आणि हे एवढंच माहीत नव्हतं. काहीतरी रचून सांगावं तर ते ताडून बघणार. वहिनी भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

"माझ्या लक्षात नाही, सर."

"तुझ्या?"

"नाही लक्षात."

सर हळूच हसले, मला समजावल्यासारखं. "तुझ्या लक्षात नाही म्हणजे तो नव्हताच, दिनकर. मला उगीच वाटत होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद सारखे केले आणि वहिनींना सांगितलं, हे आत ठेवून दे, घरात हिशेबाला, निरोपाला होतील.

बार्शीला एक कार्ड टाकलं असतं तर आठवड्याच्या आत उत्तर आलं असतं. सर त्यानंतर सहा वर्षं होते, आणि आमच्या छापखान्याच्या दाराशेजारीच टपालाची पेटी होती.